शापित नोकर डोक्यात जातो कारण त्याला कामच दिलेलं नाहीये

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो, म्हणजे पुढचं नीट जुळेल. तुम्ही तिघं मिळून ब्यूटी अँड द बीस्टच्या परीकथेवर छोटा थ्रीडी गेम करताय. शापित महाल आहे, नायिका आत एकटी आहे आणि महालातला एक जुना नोकर शापामुळे शमादान, म्हणजे फाट्यांचा मेणबत्तीचा दिवा, होऊन बसलाय. तो तिच्याबरोबर फिरतो, कुठे काय करायचं ते सांगतो. टेस्टर म्हणाले हा माणूस डोक्यात जातो. मग तुम्ही त्याचे संवाद निम्मे केले, तर पुढच्या टेस्टमधे लोक म्हणायला लागले की तो होता का, लक्षातच नाही आलं. आता तुम्हाला हवंय ते म्हणजे तो आवडेल असे संवाद कसे लिहायचे, आणि जोडीला दोन छोटे प्रश्न, की चेहरा नसलेल्या वस्तूकडून भावना कशा दाखवायच्या आणि शेवटी शाप सुटल्यावर त्याचं काय करायचं.

मी बरीच वर्षं नॅरेटिव्ह डिझाईन, म्हणजे गेममधली गोष्ट खेळण्यात कशी गुंफायची हे काम, करतोय आणि त्यात सोबती कॅरेक्टरचं काम जास्त आलंय, तर स्पष्टच सांगतो, तुमच्याकडे संवादांचा प्रॉब्लेम नाहीये. बोलला की त्रास आणि गप्प बसला की गायब, असं जेव्हा होतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की बोलण्यापलीकडे त्या कॅरेक्टरला गेममधे काही कामच नाही. तो शमादान आहे, पण शमादान म्हणून तो करतो काय? तुमच्या वर्णनावरून तरी काहीच नाही, त्याच्या जागी पोपट ठेवला किंवा नुसता आवाज ठेवला तरी गेम जसाच्या तसा चालेल. मग प्लेअरने त्याची आठवण का ठेवावी?

नोकराला वस्तू बनवण्यात जी मजा आहे ती सगळी एका गोष्टीत आहे. वस्तू म्हटली की ती वापरावी लागते, आणि इथे आत माणूस आहे. प्लेअरला त्याला वस्तूसारखं वापरायला भाग पाडा, आणि तो माणूस आहे हे नेमकं वापरतानाच जाणवू द्या. हे जमलं की संवाद अर्धे राहिले काय किंवा पाव राहिले काय, फरक पडत नाही.

आता प्रत्यक्षात. तुमचं शमादान सध्या नायिकेच्या मागे टुणटुण उड्या मारत येतं असं तुम्ही लिहिलंय आणि दारात अडकतं अशी तक्रारही केलीये. माझा पहिला सल्ला, ते चालवूच नका, नायिकेच्या हातात द्या. तिघांच्या टीमला हे सगळ्यात स्वस्त पडतं, पाथफाइंडिंग (त्याने आपला रस्ता आपण शोधणं) गेलं, दारात अडकणं गेलं, जिन्यावरचं अ‍ॅनिमेशन गेलं. आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे तुम्हाला फुकटात एक क्रिया मिळते, खाली ठेवणं. नायिकेला एखादं जड झाकण दोन हातांनी उचलायचंय, किंवा फटीतून सरपटत पलीकडे जायचंय, तर त्याला कुठेतरी ठेवावं लागणार. ठेवलं की उजेड तिथेच राहणार आणि ती अंधारात जाणार, आणि तो मागे एकटा राहणार. एका बटणात तुम्हाला पझल पण मिळालं आणि नातं पण.

हे सगळ्या गेमना लागू पडेल असं मात्र नाही. तुमच्याकडे मारामारी असेल आणि दोन्ही हात शस्त्राला लागत असतील तर त्याला कंबरेला अडकवावं लागेल, तिथे ठेवण्या-उचलण्याची मजा कमी होते. कॅमेरा फर्स्ट पर्सन, म्हणजे नायिकेच्या डोळ्यांतून बघणारा, असेल तर तो स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम दिसत राहतो, हे चांगलंच आहे. थर्ड पर्सनमधे, म्हणजे कॅमेरा तिच्या मागे असताना, तो नायिकेच्या शरीराआड जातो, तेव्हा हात थोडा बाहेर काढून धरायचं अ‍ॅनिमेशन करावं लागतं. आणि गेम मुळात चालत-फिरत गोष्ट ऐकण्याचा असेल, पझल नसतीलच, तर मी पुढे जे म्हणतोय त्यातलं निम्मंच घ्या.

उजेडाची वाटणी कशी करता येते याचं माझं आवडतं उदाहरण हाफ-लाइफ २ च्या एपिसोड वनमधलं आहे, २००६ चा गेम. अंधाऱ्या भागात टॉर्च प्लेअरकडे असतो, तुम्ही ज्या शत्रूवर उजेड टाकाल त्याला तुमची सोबतीण अ‍ॅलिक्स गोळ्या घालते. दोघांपैकी एकटा कोणीच पुरेसा नाही. तुमच्याकडे हे उलटं आहे, उजेड सोबत्याचा आणि हात प्लेअरचे, पण तत्त्व तेच. बायोशॉक इन्फिनिटमधे (२०१३) सोबतीण एलिझाबेथला वाचवत बसावं लागत नाही, उलट तुमच्या गोळ्या संपत आल्या की ती काहीतरी शोधून तुमच्याकडे फेकते, म्हणून ती लोकांना ओझं वाटली नाही. आणि दुसऱ्या टोकाला झेल्डा मालिकेतल्या ओकारिना ऑफ टाइममधली (१९९८) नावी ही सोबतीची परी. गेम गाजलेला, तरी तिच्या "हे, लिसन" वर लोक आजही विनोद करतात, कारण ती प्लेअरला गरज नसताना हाक मारते. तुमचा नोकर सध्या नावी आहे.

आता हिंटकडे, म्हणजे अडकलेल्या प्लेअरला इशारा देण्याकडे, येतो, कारण खरी मेख तिथेच आहे आणि यावर जरा जास्त लिहिणार आहे.

ग्रिम बंधूंच्या संग्रहात विश्वासू योहानेसची गोष्ट आहे, तुम्ही ती वाचाच, नोकर आणि जादू यावर काम करणाऱ्याला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही. जहाजावर योहानेसला तीन कावळ्यांचं बोलणं ऐकू येतं. त्यातून त्याला कळतं की राजावर तीन संकटं येणारेत, आणि ती कशी टाळायची तेही कळतं. पण अट अशी की पहिली गोष्ट जो सांगेल तो पायाच्या बोटापासून गुडघ्यापर्यंत दगड होईल, दुसरी सांगितली तर गुडघ्यापासून काळजापर्यंत, आणि तिसरी सांगितली की डोक्यापर्यंत सगळाच. तो न सांगता नुसती कृती करतो, लोक संशय घेतात, शेवटी फाशीच्या वेळी त्याला बोलावं लागतं आणि तो पुतळा होतो. बघा म्हणजे, ही सरळसरळ हिंट सिस्टीम आहे! माहिती असलेला नोकर, माहिती हवी असलेला मालक, आणि सांगण्याची किंमत सांगणाऱ्याच्या अंगावर दिसते.

तुमच्या नोकराला अशी किंमत द्या. शमादान आहे म्हणजे मेण आहेच. तो नुसता जळत असताना मेण कमी होऊ देऊ नका, तसं केलं तर प्लेअर घड्याळाकडे बघत पळत सुटतो आणि महाल बघतच नाही. पण शापाबद्दल किंवा महालाच्या गुपितांबद्दल तो तोंडाने काही बोलला, की एक ओघळ खाली उतरतो आणि मेणबत्ती जराशी बुटकी होते. एवढंच. कुठे आकडा दाखवू नका, पट्टी दाखवू नका.

इथे एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. किंमत प्लेअरकडून वसूल केली तर प्लेअर हिंट घेतच नाही. पुढे लागेल म्हणून राखून ठेवतो, अडकून बसतो, वैतागतो आणि गेम बंद करतो, आणि राखून ठेवलेलं सगळं तसंच पडून राहतं. म्हणून किंमत नोकराला पडली पाहिजे, प्लेअरला नाही. मेण कमी झालं म्हणून उजेड कमी करू नका, पझल अवघड करू नका, शेवट वाईट करू नका. फक्त तो बुटका दिसू दे, आणि मेणाच्या तुकड्यांची एखादी पेटी सापडली की भरूनही निघू दे. प्लेअरला नुकसान शून्य आहे आणि तरी बटण दाबताना तो क्षणभर थांबतो, हे मी टेस्टमधे बघितलंय आणि तो थांबलेला क्षण तुमच्या कुठल्याही संवादापेक्षा भारी असतो. काही जण बिनदिक्कत दाबत सुटतील, सुटू द्या, त्यांनाही गेम पूर्ण करता आला पाहिजे.

म्हणजे हिंट तीन पायऱ्यांत जाते. आधी अंगाने, फुकट. मग न विचारता एखादं मोघम वाक्य, तेही क्वचित. आणि थेट उत्तर फक्त प्लेअरने बटण दाबून विचारलं तर, मेणाचा ओघळ देऊन.

पहिली पायरी कशी दिसते ते एका खोलीवर दाखवतो. समजा तळघर आहे, चार भिंती, बाहेर जायचा रस्ता दिसत नाही. सध्या तुमचा नोकर म्हणत असणार, "मला वाटतं या भिंतीमागे काहीतरी आहे!" ते काढून टाका. त्याऐवजी नायिका उत्तरेच्या भिंतीजवळून गेली की ज्योत किंचित खोलीच्या आतल्या बाजूला झुकू दे. फटीतून वारा आत येतोय म्हणून ज्योत फटीपासून लांब कलते, उलटी नाही, हे नीट करा, कारण हुशार प्लेअर दिशा वाचतात आणि तुम्ही उलटी झुकवलीत तर ते समोरच्या भिंतीवर डोकं आपटत बसतील. ती पुढे गेली की ज्योत सरळ. परत आली की पुन्हा झुकते. बहुतेकांना इथेच कळतं आणि मुख्य म्हणजे त्यांना वाटतं की आपणच शोधलं. ज्यांना नाही कळत त्यांच्यासाठी दुसरी पायरी, तो पुटपुटतो, "इथे गार का लागतंय?" आणि तरीही नाही जमलं आणि बटण दाबलं, तर मग, "तिसऱ्या रांगेतली वीट ढकला, बाईसाहेब. आम्ही सगळे इथूनच लपून बाहेर जायचो." ओघळ. आणि बघा, थेट उत्तरात पण त्याच्या जुन्या आयुष्याचा एक तुकडा आला, जो विचारलं नसतं तर आला नसता. किंमत देऊन मिळालेली हिंट अशी काहीतरी जास्तीची असावी, नाहीतर ती नुसतं नोटिफिकेशन होते.

दुसरी पायरी कधी उडवायची हा तुमचा पुढचा प्रश्न असेल, कारण टायमर लावला की घोळ होतो. कोणी भिंतीवरची चित्रं बघत निवांत उभं असतं आणि हा मधेच गार लागतंय म्हणून सांगतो. मी वेळ मोजतच नाही, अडकल्याच्या खुणा मोजतो. तोच बंद दरवाजा पुन्हा पुन्हा उघडून बघणं, त्याच दोन खोल्यांत येरझारा, मॅप उघडणं-मिटणं, अशा खुणांना गुण देतो आणि बेरीज एका मर्यादेवर गेली की मगच वाक्य. शांत उभं राहण्याला शून्य गुण. मर्यादा किती ठेवायची ते तुमच्या लेव्हलच्या आकारावर आहे, टेस्ट करूनच ठरेल.

संवादांबद्दल पण विचारलंय तर थोडंसं. जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा वाजणार ते सगळ्यात साधं ठेवा. नवीन लेखक नेमकं उलट करतात, उचलताना म्हणायच्या वाक्यात कोटी घालतात, ती पहिल्यांदा हसवते आणि दहाव्यांदा कानाला टोचते. उचलताना नुसता हुंकार, ठेवताना एखादा शब्द. विनोद तिथे घाला जिथे प्लेअर एकदाच जाणार आहे. वाक्यांची पिशवी करा, म्हणजे सगळी वाजून झाल्याशिवाय कुठलंच परत वाजणार नाही, आणि धोक्याचं वाक्य आलं की गप्पांचं वाक्य मधेच तोडा, नंतर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. तोडलेलं वाक्य "हां, तर मी काय सांगत होतो" म्हणून पुढे नेणं छान वाटतं, पण ते दोनतीनदाच, सवय झाली की त्याचाही कंटाळा येतो.

आणि कृपा करून त्याला कायम खुशमस्कऱ्या ठेवू नका. त्याचं स्वतःचं काहीतरी घोडं असू दे, महालातल्या एका खोलीत जायला तो तयार नाही, किंवा प्रत्येक मजल्यावर तो कोणालातरी शोधतोय. कधीतरी प्लेअरला जिकडे जायचंय त्याच्या उलट त्याची ज्योत कललेली दिसली पाहिजे.

चेहऱ्याबद्दल. डोळे-तोंड चिकटवू नका असं माझं मत, पण हे आवडीवर आहे, गेम लहान मुलांसाठी असेल तर चेहरा असलेला बरा. नाहीतर पिक्सारची १९८६ ची लक्सो ज्युनियर बघा, दोन टेबललॅम्प आहेत, ना डोळे ना तोंड, आणि कुठला मोठा, कुठला पोरगा, कोण खट्टू झालंय, सगळं कळतं. अ‍ॅनिमेशन शिकताना अर्ध्या भरलेल्या पिठाच्या पोत्याला आनंदी, दमलेलं, घाबरलेलं दाखवायचा सराव करायला लावतात तो यासाठीच. तुमच्याकडे तर तीन ज्योती आहेत, म्हणजे मधली डोकं आणि बाजूच्या दोन हात. उंची, वेग आणि झुकाव, या तिघांवर बहुतेक भावना निघतात. घाबरला की ज्योती बारीक आणि ताठ, खोटं बोलत असेल तर बाजूची एक जरा उशिरा हलते, खाली ठेवून नायिका लांब गेली की मधली ती गेली त्या दिशेला कललेली राहते. हे शेवटचं नक्की करा, अंधारातून मागे वळून बघितलं की दिसेल असं.

त्या ज्योती करताना एक टेक्निकल गोष्ट. तीन ज्योती म्हणून तीन पॉइंट लाईट (एका बिंदूतून सगळीकडे उजेड टाकणारे दिवे) आणि तिन्हींना शॅडो असं करू नका. पॉइंट लाईटच्या शॅडोसाठी सहा दिशांना सीन परत काढावा लागतो, तीन लाईट म्हणजे अठरा, साध्या मशीनवर फ्रेमरेट झोपेल, म्हणजे गेम अडखळत चालेल. शॅडो एकाच लाईटला द्या, बाकी दोन नुसत्या चमकत्या दिसू देत. थरथर दाखवायला दर फ्रेमला रँडम आकडा घेतला की बिघडलेल्या ट्यूबलाईटसारखं दिसतं, पर्लिन नॉइजसारखा सलग बदलणारा आकडा घ्या, आणि तेजाबरोबर लाईटची जागाही अगदी किंचित हलवा, भिंतीवरच्या सावल्या आपोआप जिवंत होतात. घाबरल्यावर जोरात फडफडवायचा मोह होईल, पण तेज सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू देऊ नका, फोटोसेन्सिटिव्ह, म्हणजे लखलखाटाने झटके येऊ शकणाऱ्या, लोकांना त्रास होतो, वेबसाईटच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमांतही हीच मर्यादा आहे.

तुम्ही विचारलं नाहीये पण सांगणं भाग आहे. मूळ गोष्ट मादाम द व्हिलनव्हची १७४० ची आणि ल प्रँस द बोमोंची छोटी आवृत्ती १७५६ ची, दोन्ही कधीच्या सार्वजनिक झाल्यात, बिनधास्त वापरा. पण व्हिलनव्हच्या महालात नायिकेच्या दिमतीला माकडं आणि पोपट आहेत, बोलकं घड्याळ, किटली आणि रंगेल शमादान लोकांच्या डोक्यात बसलं ते डिस्नेच्या १९९१ च्या सिनेमामुळे. जिवंत दिव्यांची कल्पना त्याआधीही होती, फ्रेंच दिग्दर्शक कॉक्तोच्या याच गोष्टीवरच्या १९४६ च्या सिनेमात भिंतीतून बाहेर आलेले माणसांचे हात दिवे धरून असतात. म्हणजे शापित दिवा कोणाच्या मालकीचा नाही, पण सोनेरी, तीन फाट्यांचा, फ्रेंच उच्चारात लाडीगोडी लावणारा नोकर केलात तर प्रकरण अंगाशी येऊ शकतं. मी वकील नाही, गेम विकणार असाल तर वकिलाला दाखवा. मी तुमच्या जागी असतो तर रूप आणि स्वभाव दोन्ही लांब नेले असते, काळपट लोखंडी, एक फाटा तुटलेला, कमी बोलणारा. नाहीतरी वर जे सगळं सांगितलं ते कमी बोलणाऱ्यालाच जास्त शोभतं.

राहिला शेवट. शाप सुटतो, तो माणूस होतो, कटसीनमधे (जो भाग खेळायचा नाही, नुसता बघायचा) सगळे आनंदात, क्रेडिट्स. प्रॉब्लेम असा की प्लेअरने अख्खा गेम ज्याला हातात धरला ती वस्तू तुम्ही काढून घेतली आणि बदल्यात एक अनोळखी माणूस उभा केला ज्याचा चेहरा त्याने कधी पाहिलाच नाही. आनंद व्हायच्या ऐवजी चुकल्यासारखं वाटतं. यावर माझ्याकडे एकच भरवशाचा उपाय आहे, कटसीननंतर थोडा भाग खेळायला ठेवा. फार नाही, तळघरापासून वरच्या दारापर्यंतचा ओळखीचा रस्ता पुरे. कंट्रोल तेच, नायिका तीच, तो शेजारी चालतोय. इथे पाथफाइंडिंग लागेल, पण एकाच रस्त्याचं, ते जमेल तुम्हाला. हात मोकळे आहेत, त्यामुळे आधी जी झाकणं त्याला खाली ठेवून उचलावी लागायची ती आता दोघं मिळून उचलतात. आणि हिंटचं बटण काढू नका, चालू ठेवा. दाबलं की तो म्हणू दे, "मला काय विचारताय, तुम्हीच ठरवा की." त्याने जावं की राहावं हेही त्यालाच ठरवू द्या, शाप सुटल्यावरही तो आपोआप नोकरीला चिकटलेला दाखवलात तर टेस्टर विचारतील की मग सुटलं काय, आणि त्यांचं बरोबर असेल.

सुरुवात कुठून करायची तर असं करा. कोड फार न बदलता एकच लेव्हल घ्या, शमादान हातात द्या, ठेवायचं बटण जोडा, ज्योतीचा झुकाव घाला आणि त्याचे सगळे संवाद म्यूट करून नवीन टेस्टरला खेळायला द्या, ज्याने आधीचं व्हर्जन पाहिलं नाहीये असा. खेळून झाल्यावर तो आवडला का असं विचारू नका, त्याला कुठे कुठे ठेवलं होतं ते विचारा. जागा आठवून सांगितल्या, किंवा एखाद्या ठिकाणी परत आणायला गेलो होतो असं म्हणाला, तर कॅरेक्टर उभं राहिलंय, मग संवाद लिहायला बसा. नाही आठवल्या तर अजून ठेवायच्या जागाच नीट निवडलेल्या नाहीत, लेव्हल परत बघा. व्हॉइस रेकॉर्डिंगचे पैसे अजून दिले नसतील तर तोपर्यंत देऊ नका.